दोन घरांतल्या दोघी

मित्रांनो, शाळेत आरोग्य तपासणी असते तेव्हा तुम्हाला चपला काढून ताठ उभं करतात, टाचा मागे टेकवायला सांगतात आणि वरून एक फळी सरकत येऊन डोक्याला हलकेच लागते. तशीच मी, एक लाकडी उंचीपट्टी. सागवानाची, मधोमध पितळी बिजागरी असलेली, घडी घालून खांद्याला अडकवता येईल अशी. सध्या मी सोलापुरात एका संशोधन संस्थेच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून असते. नवीन यंत्रं आल्यापासून मला कोणी हात लावत नाही. माझ्याखाली किती डोकी येऊन गेली, त्यांतली बरीचशी मी विसरले. दोन मुली मात्र विसरता येत नाहीत. त्यांचीच गोष्ट आज सांगते.

मला तिप्पण्णा नावाच्या सुतारांनी घडवलं. ते कानडीत काहीतरी गुणगुणत रंधा मारायचे. शेवटचा हात फिरवताना मला म्हणाले होते, "माणसं मोजणार हाईस तू. वाकडी होऊ नको बग." दुसऱ्या दिवशी संस्थेच्या डॉक्टर चन्नवीर यांनी मला नेलं आणि पूनमताईंच्या हाती दिलं. पूनमताई होटगीच्या. वडील रेल्वेत होते. त्या तेव्हा नुकत्या नोकरीला लागलेल्या, तरुण, भरभर चालणाऱ्या. एसटीत मला खांद्याला अडकवून बसल्या की शेजारची बाई हमखास विचारायची, "बंदूक हाय का काय वो ती?"

आमचं काम काय होतं ते सांगते. डॉक्टर चन्नवीरांना एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. माणसाचा स्वभाव कशानं घडतो? आईबापांच्या रक्तातून जे येतं त्यानं, की ज्या घरात तो वाढतो त्या घरानं? कोणी रागीट असतो, कोणी हळवा, कोणी सदा हसरा. हे कुठून येतं? त्यासाठी जिल्ह्यातली काही कुटुंबं निवडली होती आणि दर काही वर्षांनी त्याच घरांत पुन्हा पुन्हा जायचं होतं. मुलं मोठी होत जातील, त्यांची लग्नं होतील, त्यांना मुलं होतील, तरी जायचंच. उंची, वजन, झोप, भूक, मन कसं आहे, सगळं विचारायचं. आणि सर्वांत आधी विचारायचं, "हे तुमचं कोण लागतं?" सख्ख्या भावंडांत रक्त जास्त सारखं, चुलत आणि मावस भावंडांत कमी. हे नातं नीट कळलं तरच तुलना करता येते, नाहीतर सगळी मेहनत वाया.

वाटतं तेवढं हे सोपं नव्हतं. एका धनगर वस्तीवर पूनमताईंनी म्हातारीला विचारलं, "या कोण?" म्हातारी म्हणाली, "सून. आन भाची बी. माज्या भावाचीच पोर केली की." पूनमताई हसून म्हणाल्या, "मग मी हिला काय म्हणू?" म्हातारी म्हणाली, "च्या पी म्हन आदी."

त्याच वस्तीवर बिरदेव आणि तानाबाईंचं घर होतं. बिरदेव मेंढरं राखायचे. आम्ही पहिल्यांदा गेलो तो उन्हाळा होता. अंगणात दोन मुली खेळत होत्या. एक उन्हानं रापून काळवंडलेली, हडकुळी, तेल लावून घट्ट दोन वेण्या घातलेली. दुसरी उजळ, गुबगुबीत, केस कापलेले, पायात बुटांसारख्या चपला. मेंढीचं एक कोकरू दोघींनी दोन बाजूंनी धरलं होतं आणि दोघी एकदम हसत होत्या.

"ही ऋतुजा, माजी," तानाबाई म्हणाल्या. "आन ही संस्कृती. अकलूजच्या माज्या थोरल्या भनीची, दगडाबाईची. सुट्टीला आलीया."

"मावसबहिणी का?"

"व्हय."

पूनमताईंनी मला भिंतीशी उभं केलं. आधी ऋतुजा आली, मग संस्कृती. माझी फळी दोघींच्या डोक्यांना टेकली, आणि पूनमताई जवळून त्यांचे चेहरे बघत राहिल्या. रंग वेगळा, अंग वेगळं, केस वेगळे. पण भुवया त्याच, ओठ तेच, आणि फळी डोक्याला लागली की एक डोळा मिटून हसायची तऱ्हाही तीच. पूनमताईंनी काही विचारलं नाही. मुली पुन्हा कोकराकडे पळाल्या तेव्हा तानाबाईच हळू आवाजात बोलल्या.

"तुमाला कळलं न्हवं? मला दिसलं तुमच्या तोंडावर."

मग त्यांनी सांगितलं. त्या साली पाऊस नव्हता. मेंढरं घेऊन माणसं लांब लांब गेली होती. तानाबाईंना जुळ्या मुली झाल्या आणि अंगावर दूध येईना. दोघींतली एक सारखी निळी पडायची. दगडाबाईंना मूल नव्हतं. त्यांचे यजमान शहाजी साखर कारखान्यात कामाला, दारात दोन म्हशी. बाळ जगावं म्हणून तानाबाईंनी एक मुलगी बहिणीच्या पदरात घातली. अकलूजला सगळ्यांना दगडाबाईंचीच मुलगी म्हणून सांगितलं. वयही वर्षानं कमी सांगितलं, म्हणजे जोड लागू नये.

"तुमच्या कामाला खरं लागतंय म्हून सांगितलं बाई," तानाबाई म्हणाल्या. "पर पोरीस्नी सांगू नका. माज्या भनीला शबूद दिलाय म्या."

पूनमताईंनीही शब्द दिला. आमच्या कामाचा तो पहिला नियमच होता. घरानं सांगितलेलं घराबाहेर जायचं नाही, आणि एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही.

सोलापूरला परतल्यावर डॉक्टर चन्नवीर खुर्चीतून उठलेच. पुढे तानाबाईंच्या आणि दगडाबाईंच्या संमतीनं दोघींच्या गालांच्या आतून कापूस फिरवून तपासणी झाली. दोघी अगदी एकसारख्या जुळ्या निघाल्या. रक्त तेच, घरं मात्र दोन. डॉक्टरांना हवी होती तशी जोडी साऱ्या जिल्ह्यात दुसरी नव्हती. ते पूनमताईंना म्हणाले, "या दोघींना कधीही सोडायचं नाही. कुठंही गेल्या तरी शोधून काढायचं." त्या दिवशी संस्थेत माझंही कौतुक झालं. कोणीतरी मला तेलाचं बोट लावून पुसलं.

आम्ही त्यांना सोडलं नाही. पण त्यांना एकमेकींपासून तोडलं गेलं. वाढत्या वयात चेहरे आणखी जुळू लागले तसा दगडाबाईंचा जीव धास्तावला. एका लग्नात कोणीतरी म्हणालं, "जुळ्याच वाटत्यात की." त्यानंतर संस्कृतीचं सुट्टीला येणं बंद झालं. कधी शिकवणी असायची, कधी ताप. ऋतुजा काही वर्षं उन्हाळ्यात रस्त्याकडं बघत बसायची. आम्ही गेलो की पूनमताईंना विचारायची, "अकलूजला गेलतासा का? संस्कृती काय म्हणती?" पूनमताई म्हणायच्या, "बरी आहे." याहून जास्त त्यांना सांगता येत नव्हतं. अकलूजला गेलो की संस्कृतीही हळूच विचारायची, "ऋतुजाकडे अजून कोकरं आहेत?" त्यालाही पूनमताई नुसती मान हलवायच्या. मला घडी घालताना त्यांच्या बोटांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायचा.

वर्षं गेली. ऋतुजा दहावी झाली आणि तिचं लग्न ज्ञानू नावाच्या मुलाशी झालं. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचा. जवळच पत्र्याच्या दोन खोल्यांत ते राहायचे. संस्कृती कॉलेजला गेली, पदवी घेतली, अकलूजच्याच एका शिक्षकाशी तिचं लग्न झालं. दोघी इतक्या वेगळ्या घरांत, तरी पूनमताईंना एक गोष्ट दिसत होती. दोघी खूप हसायच्या, आणि मधूनच कितीतरी दिवस गप्प व्हायच्या. तानाबाई म्हणायच्या, "मेंढरामागं ऊन लागलं आसंल." दगडाबाई म्हणायच्या, "अभ्यासाचा ताण." तसे दिवस यायचे आणि जायचे.

ऋतुजाला मुलगा झाला. बाळ तीन-चार महिन्यांचं असताना आमची फेरी आली. मी त्या पत्र्याच्या खोलीत भिंतीशी उभी राहिले. बाहेर लूमचा खडखडाट चालू होता. ऋतुजा माझ्याखाली येऊन उभी राहिली. फळी डोक्याला टेकली. तिनं डोळा मिटला नाही, ती हसलीही नाही.

"ऋतुजा, झोप लागते का गं?" पूनमताईंनी विचारलं.

उत्तर सासूनं दिलं. शिवबाई त्यांचं नाव. बाळ त्यांच्याच मांडीवर होतं. "लागती की. दिसभर पडूनच आसती."

"जेवण?"

"खाती थोडं थोडं."

"ऋतुजा, तूच सांग. मन कसं आहे?"

ऋतुजा खूप वेळ बाळाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, ह्याला बगून मला कायच वाटत न्हाय. असं आसतंय का आईचं?"

शिवबाईंनी बाळ उराशी ओढलं. पूनमताईंनी हातातलं सगळं खाली ठेवलं. त्या ज्ञानूला बाहेर घेऊन गेल्या, आणि उघड्या दारातून मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. "हा आजार आहे ज्ञानू. बाळंतपणानंतर काहींना होतो. औषधानं बरा होतो. सिव्हिलला मनाचे डॉक्टर असतात. मी चिठ्ठी देते, मी बरोबर येते. उद्याच जाऊ."

ज्ञानू भला माणूस होता. तो म्हणाला, "उद्या ड्युटी हाय ताई. सुट्टीदिवशी जाऊ की." शिवबाई आतून म्हणाल्या, "आमी बी पोरं काडल्यात. बाळंतपनात हुतंय असं. उतारा टाकला की जाईल." पूनमताई दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. तेव्हा ऋतुजा झोपली आहे असं सांगून त्यांना दारातूनच परत पाठवलं. डॉक्टर चन्नवीरांनी फोन केला. सगळे म्हणाले, जाऊ, नक्की जाऊ.

सुट्टीचा दिवस यायच्या आत ऋतुजा गेली. कशी गेली ते मी सांगणार नाही. ती आजारी होती, तिचा आजार बरा होण्यासारखा होता आणि ती गेली, एवढंच तुम्ही लक्षात ठेवा.

दिवसकार्याला पूनमताई गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी डॉक्टरांना सांगितलं ते मी ऐकलं. दगडाबाई संस्कृतीला घेऊन आल्या होत्या. संस्कृती बायकांत मागे बसली होती. भिंतीवरचा हार घातलेला फोटो बघून ती दचकली. आईला म्हणाली, "आई, हा तर माझाच फोटो वाटतोय." दगडाबाई म्हणाल्या, "दोघी आज्जीवर गेलाय तुमी." मग पूनमताई म्हणाल्या, "सर, संस्कृतीला दिवस गेलेत."

डॉक्टर हळू म्हणाले, "एकीला झालं ते दुसरीला होईलच असं नाही. रक्तात असतं ते नशिबात असतंच असं नाही. पण धोका मोठा आहे. आधीपासून लक्ष ठेवलं तर ती सुखरूप राहील."

"मग सांगते मी तिला."

"तो शब्द आपला नाही, पूनम. ज्यांनी दिला त्यांच्याकडे जा. त्यांनाच सांगू दे."

पूनमताई वस्तीवर गेल्या. त्या दिवशी मोजायचं काही नव्हतं, तरी मी त्यांच्या खांद्यावर होते. वर्षानुवर्षांची सवय होती ती. तानाबाई मेंढरांच्या वाड्याशी बसल्या होत्या. पूनमताईंनी सगळं सांगितलं. तानाबाईंनी एकच विचारलं, "तिला बी हुईल?" पूनमताई म्हणाल्या, "होऊ शकतं. पण आता आपल्याला माहीत आहे. ऋतुजाच्या वेळी नव्हतं." तानाबाई उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "चला."

अकलूजच्या घरी दार दगडाबाईंनी उघडलं. बहिणीला बघून त्या आधी हसल्या, आणि मागे पूनमताई दिसल्या तशा एकदम थांबल्या. दार अडवूनच उभ्या राहिल्या.

"तानू, तुजी गेली म्हून माजी न्ह्याला आलीस का?"

"न्यायला न्हाय आले अक्का. राखायला आले."

"शबूद दिलतास तू मला."

"दिलता. एक लेकरू तर गेलंच माजं. आता त्या शबदाला दुसरी खायाला दिऊ व्हय?"

दगडाबाई दारातच खाली बसल्या. तानाबाईही त्यांच्याजवळ बसल्या. दोघी बहिणी एकमेकींना धरून रडल्या. आवाज ऐकून संस्कृती आतून आली. पोट दिसू लागलं होतं. ती म्हणाली, "काय झालं मावशी?" दगडाबाईंनीच तोंड उघडलं. "ही मावशी न्हाय तुजी. हिच्या पोटची तू. तू आन ऋतुजा, दोगी एका वक्ताच्या."

संस्कृती भिंतीला टेकली. ती म्हणाली, "त्या दिवशी मी मावसबहीण म्हणून रडले. बायकांच्या मागं बसून. कोणी बघू नये म्हणून लगेच डोळे पुसले." मग म्हणाली, "सख्खी म्हणून रडायचं राहिलं माझं." आणि मग ती रडली. कोणीही तिला गप्प केलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. संस्कृतीला मुलगी झाली. काही आठवड्यांनी ती तशीच गप्प होत गेली. जेवण सुटलं, झोप उडाली. पण या वेळी घरात कोणी त्याला ताण म्हटलं नाही, ऊन म्हटलं नाही. तानाबाई मेंढरं बिरदेवांवर टाकून अकलूजला येऊन राहिल्या. एक आई बाळाला घ्यायची, दुसरी संस्कृतीजवळ बसायची. नवरा आणि शहाजी तिला सोलापूरला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन यायचे. औषधं चालू झाली. बरं वाटायला कितीतरी महिने लागले. पण बरं वाटलं.

मधल्या काळात संस्थेत नवीन यंत्रं आली. बटण दाबलं की आकडा दिसतो. मला या खोलीत आणून ठेवलं. ऋतुजा आणि संस्कृती ही जोडी अभ्यासातून निघाली, कारण एक उरली की जोडी राहत नाही. डॉक्टर चन्नवीरांनी ते सांगितलं तेव्हा पूनमताई नुसत्या "हो सर" म्हणाल्या आणि या खोलीत येऊन माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

गेल्या महिन्यात संस्कृती डॉक्टरांकडची तपासणी आटोपून आमच्या संस्थेत आली. तानाबाई बरोबर होत्या. त्यांच्या कडेवर संस्कृतीची मुलगी होती. संस्कृतीनं पूनमताईंना विचारलं, "ताई, ऋतुजाला शेवटी मोजलं ती पट्टी अजून आहे का?"

पूनमताई तिला या खोलीत घेऊन आल्या. माझ्यावरची धूळ त्यांनी पदरानं पुसली.

"केवढी होती ती?"

पूनमताईंनी तानाबाईंकडं बघितलं. तानाबाईंनी मान हलवली. मग पूनमताईंनी माझी फळी सरकवून ऋतुजाच्या उंचीवर आणून ठेवली. संस्कृती चपला काढून माझ्यापाशी आली. पण ती फळीखाली मावेना. तिचं डोकं दोन बोटं वर जात होतं.

"एकसारख्या ना आम्ही?" ती म्हणाली. "मग ही दोन बोटं कुठनं आली?"

"म्हशीचं दूध हुतं अकलूजला," तानाबाई म्हणाल्या. "तिला म्या कुटनं देऊ बाई?"

मग संस्कृतीनं गुडघे थोडेसे वाकवले. तिचं डोकं फळीला अलगद टेकलं. बहिणीच्या उंचीवर ती तशीच उभी राहिली, डोळे मिटून. वाकलेले पाय थरथरायला लागले तरी हलली नाही. तानाबाईंनी मुलीला पूनमताईंच्या हातात दिलं, पुढं येऊन संस्कृतीच्या खांद्यांना धरलं आणि म्हणाल्या, "उट लेकी. सरळ उबी ऱ्हा. तिला सुदिक बरं वाटंल."

मित्रांनो, मी लाकूड आहे. टाचेपासून डोक्यापर्यंत किती अंतर आहे एवढंच मला कळतं. माणसाच्या आत काय चाललंय ते मला मोजता येत नाही, पण तुम्हाला विचारता येतं. घरात कोणी हसायचं थांबलं, जेवायचं थांबलं, तर ताण आहे, ऊन आहे म्हणून पुढे जाऊ नका. जवळ बसा. विचारा. मोठ्यांना सांगा, डॉक्टरांकडे न्या, आणि सुट्टीच्या दिवसाची वाट बघू नका. तुम्हालाच तसं वाटत असेल तर गप्प राहू नका, विश्वासातल्या कुणाला तरी सांगा. आणि ज्याचं जे कोण लागतं, ते त्याला जिवंतपणीच सांगा.